स्वतःविषयीची साक्ष : चारित्र्यमापनाच्या प्रश्नावल्यांचा इतिहास

माणसाच्या चारित्र्याविषयी बोलण्याचा अधिकार पूर्वापार इतरांकडे असे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमध्ये घरकामाच्या नोकराला एक घर सोडून दुसरीकडे चाकरी धरताना जुन्या धन्याचे शिफारसपत्र दाखवावे लागे, आणि या पत्रांवर इतके काही अवलंबून असे की १७९२ साली ब्रिटिश संसदेने खोट्या शिफारसपत्रांना दंड ठरवणारा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात नोकरीच्या कागदपत्रांबरोबर आजही जो चारित्र्याचा दाखला मागितला जातो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. दाखला देणारा आणि तो घेणारा ही दोन वेगळी माणसे असतात आणि कोणीही स्वतःचा दाखला स्वतः लिहीत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुख्यतः अमेरिकेत, मानसशास्त्रज्ञांनी ही रीत बाजूला सारली. ज्याचे चारित्र्य जाणून घ्यायचे त्याच्याच हाती छापील प्रश्न द्यायचे, स्वतःविषयी त्याने दिलेल्या ‘होय’ आणि ‘नाही’ या उत्तरांची बेरीज करायची आणि ती बेरीज त्याच्या प्रामाणिकपणाचे, संयमाचे किंवा विश्वासार्हतेचे माप मानायची, अशी पद्धत हळूहळू रूढ झाली. या साधनाला स्वनिवेदन प्रश्नावली म्हणतात. तिच्या शंभर वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. उत्तराला साक्ष मानून त्यावर विसंबणाऱ्यांचे मापन डळमळीत राहिले, आणि प्रश्नाला उत्तर देणे हीसुद्धा माणसाची एक कृती आहे, तेव्हा इतर कृतींसारखीच तिचीही पारख करायला हवी, असे मानणाऱ्यांच्या हाती काही ठोस लागले.

चारित्र्य मोजता येईल ही कल्पना प्रश्नावलीपेक्षा जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८४ साली ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात चारित्र्याच्या मापनावर एक निबंध लिहिला. स्वभाव सांगणारे शब्द इंग्रजीत किती आहेत हे पाहण्यासाठी त्याने रॉजेटचा समानार्थी शब्दकोश चाळला आणि ती संख्या हजाराच्या घरात जाते असा अंदाज केला. मात्र मोजमापासाठी त्याने सुचवलेले उपाय शब्दांचे नव्हते. भावनेच्या क्षणी नाडीचे ठोके मोजावेत, मेजवानीत शेजारी बसलेली माणसे एकमेकांकडे किती झुकतात हे खुर्चीच्या पायांवरील दाबावरून ताडावे, अशा प्रकारचे ते उपाय होते, आणि त्या सर्वांत माणसाला स्वतःविषयी काहीही विचारलेले नव्हते. पुढे नेदरलँड्समध्ये हेमन्स आणि विअर्स्मा या दोघा अभ्यासकांनी नव्वद प्रश्नांची एक प्रश्नावली देशभरातील सुमारे तीन हजार डॉक्टरांकडे पाठवली; तीत डॉक्टरांनी आपल्या परिचयाच्या एखाद्या कुटुंबातील व्यक्तींचे वर्णन करायचे होते, आणि त्यातून अडीच हजारांवर व्यक्तींची माहिती जमली. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनचा विद्यार्थी एडवर्ड वेब याने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अध्यापक विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या स्वभावाला त्यांना जवळून ओळखणाऱ्यांकडून गुण देववले आणि त्या गुणांतून हेतूंचा टिकाऊपणा, म्हणजे क्षणिक लहरीपेक्षा निश्चयाने वागण्याची वृत्ती, हा एक सर्वसामान्य घटक वेगळा काढला. या अभ्यासांत साधन प्रश्नावलीचे किंवा गुणदानाचे होते, पण साक्षीदार दुसरा होता.

साक्षीदार बदलला तो युद्धामुळे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तोफांच्या माऱ्याखाली मनाने कोसळणारे सैनिक आधीच ओळखता यावेत अशी लष्कराची निकड होती, आणि लाखो रंगरुटांची मनोविकारतज्ज्ञांकडून एकेक करून मुलाखत घेणे अशक्य होते. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी ११६ प्रश्नांचा एक तक्ता तयार केला. झोपेत चालण्याची सवय, वाईट स्वप्ने, अकारण भीती यांविषयीच्या त्या प्रश्नांना रंगरुटाने फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे होते आणि ठरावीक संख्येहून अधिक प्रतिकूल उत्तरे आली तरच त्याला तज्ज्ञाकडे पाठवायचे होते. तक्ता मोठ्या प्रमाणावर वापरात येण्याआधीच युद्ध संपले. परंतु अनेक छोटे प्रश्न, प्रत्येकाचे ठरावीक उत्तर आणि शेवटी एकच आकडा हा त्याचा साचा टिकून राहिला, कारण एका खोलीत शंभर माणसांची ‘तपासणी’ तासाभरात उरकणारे दुसरे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. स्वनिवेदनाचा प्रसार त्याच्या अचूकपणामुळे झाला नाही. तो स्वस्ताईमुळे झाला, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

चारित्र्याकडे हा साचा वळला तो शाळांच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत अमेरिकेत चारित्र्यशिक्षणाची मोठी चळवळ होती. शहरे वाढत होती, धर्मसंस्थांची पकड सैल होत होती, आणि मुलांना सद्गुण शिकवण्यासाठी नीतिसंहिता, शपथा, बिल्ले आणि रविवारच्या धार्मिक शाळा यांवर बराच पैसा व श्रम खर्च होत होते. या शिकवणुकीचा मुलांच्या वागण्यावर खरोखर काही परिणाम होतो काय, हा प्रश्न मुख्यतः जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या पैशावर चालणाऱ्या सामाजिक व धार्मिक संशोधन संस्थेने हाती घेतला आणि १९२४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ‘चारित्र्यशिक्षण चौकशी’ नावाने पाच वर्षांचा प्रकल्प सुरू केला. ह्यू हार्टशॉर्न हे धर्मशिक्षणाच्या क्षेत्रातील पाद्री आणि मार्क मे हे मानसशास्त्रज्ञ यांच्यावर त्याची जबाबदारी होती. १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झालेले त्यांचे तीन ग्रंथ, पहिला फसवणुकीवर, दुसरा सेवाभाव व आत्मसंयमावर आणि तिसरा चारित्र्याच्या घडणीवर, या विषयाच्या इतिहासात अजूनही मध्यवर्ती आहेत. त्यांच्या तोडीचे काम नंतरच्या काळात फार थोडे झाले.

त्या ग्रंथांचे मोल त्यांच्या पद्धतीत आहे. आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे अकरा हजार मुलांना या दोघांनी वर्गात, खेळाच्या मैदानावर, घरच्या अभ्यासात आणि मेजवानीच्या खेळांत अशा प्रसंगांत आणले की फसवण्याची संधी समोर यावी आणि पकडले जाण्याचे भय मात्र वाटू नये. मुलांनी परीक्षा दिली की उत्तरपत्रिका गोळा होत, त्यांतील उत्तरांची गुपचूप नोंद केली जाई आणि पुढच्या वेळी त्याच उत्तरपत्रिका बरोबर उत्तरांच्या यादीसह परत देऊन मुलांना स्वतःचे गुण स्वतः मोजायला सांगितले जाई. कोणी कोणते उत्तर खोडून बदलले हे मग मूळ नोंदीशी ताडून कळे. डोळे मिटून कागदावरील लहान लहान वर्तुळांत आकडे लिहिण्याचा एक खेळ होता, ज्यात ठरावीक मर्यादेपलीकडचे यश डोळे किलकिले केल्याशिवाय मिळणे जवळजवळ अशक्य होते. कोड्यांच्या डबीत एक नाणे सहज राहून गेल्यासारखे ठेवलेले असे, आणि कोणती डबी कोणाकडे होती याची खूण फक्त संशोधकांना ठाऊक असे. मुलांच्या फसवणुकीचे माप घेण्यासाठी मुलांचीच फसवणूक करणारे हे प्रयोग आजच्या संशोधननीतीच्या कसोटीवर टिकणार नाहीत, आणि ते टिकू नयेत हेच योग्य आहे. तथापि चारित्र्याविषयी बोलताना प्रत्यक्ष वर्तन पाहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह किती दुर्मीळ होता हे त्यांच्या आधीचे व नंतरचे काम पाहिल्यावर लक्षात येते.

या चौकशीत प्रश्नावलीलाही जागा होती, आणि तिचा उपयोग ज्या रीतीने केला गेला तो फार सूचक आहे. सर्वांना स्तुत्य वाटणाऱ्या पण फारच थोड्यांकडून नेहमी घडणाऱ्या गोष्टींविषयी मुलांना विचारले गेले : शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावरही शिस्त कायम पाळली जाते काय, आपल्या वाट्यापेक्षा अधिक कधी घेतले गेले काय, दुसऱ्याचे श्रेय कधी स्वतःकडे घेतले काय. या प्रश्नांची उत्तरे खरी मानून मुलाच्या सद्गुणांची बेरीज करण्याचा संशोधकांचा हेतू नव्हता. एखाद्या मुलाने अशा साऱ्या प्रश्नांना निष्कलंक उत्तरे दिली तर ते मूल चांगले दिसण्यासाठी खोटे बोलत असण्याचा संभव अधिक, असे त्यांनी धरले. यालाच समांतर अशी एक युक्ती त्या दशकात आणखी काहींनी वापरली होती. कॅलिफोर्नियात लुई टर्मन यांनी बुद्धिमान मुलांच्या आपल्या प्रसिद्ध अभ्यासात, १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात नोंदल्याप्रमाणे, वाचलेल्या पुस्तकांवर खूण करायला सांगताना यादीत अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावे मिसळली होती. या दोन्ही ठिकाणी उत्तर म्हणजे मुलाने दिलेली कबुली नव्हती; उत्तर देताना मूल जे करी, ते मोजले जात होते.

चौकशीच्या निष्कर्षांनी तिच्या पाठीराख्यांना निराश केले. रविवारच्या शाळेतील हजेरीचा आणि प्रामाणिकपणाचा संबंध अगदी क्षीण निघाला. बरे-वाईट काय हे सांगता येण्याचा आणि तसे वागण्याचा संबंधही जुजबी होता. याहून धक्कादायक गोष्ट अशी की एका प्रसंगातील प्रामाणिकपणावरून दुसऱ्या प्रसंगातील प्रामाणिकपणाचा अंदाज फारसा बांधता येत नव्हता. दोन मापे किती जोडीने चालतात हे सांगणाऱ्या आकड्याला सहसंबंध गुणांक म्हणतात. तो शून्य असेल तर नाते नाही आणि एक असेल तर पूर्ण एकवाक्यता आहे असे समजतात. निरनिराळ्या कसोट्यांमधील हा गुणांक बहुधा ०.२ ते ०.३ च्या आसपास घुटमळत होता. वर्गात नक्कल करणारे मूल खेळात सरळ वागे आणि खेळात लबाडी करणारे मूल नाण्याला हात लावत नसे. यावरून हार्टशॉर्न आणि मे यांनी प्रामाणिकपणा हा मुलात वसणारा एकसंध गुण नसून विशिष्ट प्रसंगांशी बांधलेल्या सवयींचा समूह आहे, असे मत मांडले, जे प्रसंगविशिष्टतेचा सिद्धांत म्हणून ओळखले जाते. या मताला पुढे आव्हान मिळाले. रॉजर बर्टन यांनी १९६३ साली त्याच आकड्यांचे नव्याने विश्लेषण करून दाखवले की अनेक कसोट्या एकत्र घेतल्या तर त्यांच्या मुळाशी मध्यम ताकदीचा एक समान घटक सापडतो. ही दुरुस्ती रास्त आहे. एका प्रसंगावरून माणूस कळत नाही, पण पुष्कळ प्रसंग एकत्र पाहिले तर काहीतरी टिकाऊ नजरेस पडते. आणि तसे पाहायचे तर वर्षानुवर्षांचा सहवास लागतो, जो कोणत्याही चाचणीजवळ नसतो.

चौकशीच्याच काळात मानसशास्त्राने चारित्र्य हा विषयच आपल्या हद्दीबाहेर काढला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९२१ सालच्या एका लेखापासूनच असा आग्रह धरला होता की चारित्र्य म्हणजे व्यक्तिमत्त्वावर नैतिक निवाडा देणे होय, आणि निवाडा हे शास्त्राचे काम नाही. १९३६ साली त्यांनी हेन्री ऑडबर्ट यांच्यासह वेब्स्टरच्या मोठ्या कोशातून माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले आणि ते चार रकान्यांत वाटले. पहिल्या रकान्यात ४,५०४ तटस्थ गुणविशेष होते. स्तुती किंवा निंदा करणारे ५,२२६ शब्द तिसऱ्या रकान्यात गेले, आणि चारांपैकी हाच रकाना सर्वांत मोठा होता. रेमंड कॅटेल यांनी पुढच्या दशकात व्यक्तिमत्त्वाचे घटक शोधताना प्रामुख्याने पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली. सामान्य माणसे एकमेकांविषयी बोलताना जे शब्द सर्वाधिक वापरतात तेच अशा रीतीने व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासातून बऱ्याच अंशी वगळले गेले. शास्त्राच्या शुद्धतेसाठी केलेली ही वगळणी समजण्यासारखी असली तरी तिची किंमत मोठी होती, कारण लोकांना परस्परांविषयी आधी जाणून घ्यायचे असते ते विश्वास ठेवता येईल की नाही हे, आणि नेमक्या त्या प्रश्नाला शास्त्राच्या आराखड्यात घर उरले नाही.

चारित्र्य दाराबाहेर ठेवले तरी खोटेपणाचा प्रश्न आत शिरलाच. मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी मनोरुग्णांच्या निदानासाठी साडेपाचशे विधानांची एक शोधिका तयार केली, जी १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि मिनेसोटा बहुविध व्यक्तिमत्त्व शोधिका या नावाने जगभर पोहोचली. स्वतःला निर्दोष दाखवणारे रुग्ण ओळखण्यासाठी तीत पंधरा विधानांची असत्यमापनी घातलेली होती, आणि तिची कल्पना हार्टशॉर्न व मे यांच्याच प्रश्नांवरून घेतली होती. क्षुल्लक दोषही नाकारणारा माणूस इतर विधानांनाही सोयीची उत्तरे देत असणार, असा त्यामागचा तर्क होता. याच विद्यापीठातील पॉल मील यांनी १९४५ साली एका छोट्या निबंधात या तर्काला तात्त्विक पाया दिला. त्यांचे म्हणणे असे की विधानाला दिलेले उत्तर म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याचा अहवाल नव्हे. ते एक शाब्दिक वर्तन आहे, आणि त्याचे प्रत्यक्ष आयुष्याशी कोणते नाते आहे हे अनुभवाने शोधूनच ठरवावे लागते. उत्तर खरे आहे की खोटे हा प्रश्नच त्यांनी गौण ठरवला. कोणत्या प्रकारची माणसे असे उत्तर देतात, एवढेच त्यांना महत्त्वाचे वाटत होते. चारित्र्यमापनाच्या साऱ्या वाङ्मयात या निबंधाइतका नेमका विचार क्वचितच आढळतो, आणि चाचण्यांच्या बाजारपेठेने त्याच्याकडे किती कमी लक्ष दिले हे पाहून खेद होतो.

लोक चांगली उत्तरे देतात याचे आकडेवारीतील प्रमाण १९५३ साली ॲलन एडवर्ड्स यांनी पुढे आणले. १४० विधाने एका गटाला देऊन प्रत्येक विधान समाजाला किती पसंत पडेल हे त्यांनी ठरवून घेतले, आणि दुसऱ्या गटाला तीच विधाने स्वतःला लागू पडतात काय असे विचारले. पसंती आणि होकार यांतील सहसंबंध ०.८७ निघाला, म्हणजे विधान जितके भूषणावह तितके ते अधिक जणांना स्वतःला लागू वाटत होते. या प्रवृत्तीला सामाजिक इष्टता म्हणतात. १९६० साली डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी ती मोजणारी ३३ विधानांची मापनी तयार केली, १९८४ साली डेलरॉय पॉलहस यांनी तिचे दोन भाग पाडले, एक जाणूनबुजून दुसऱ्यावर छाप पाडण्याचा आणि दुसरा नकळत स्वतःचीच समजूत घालण्याचा, पण त्याच्या एक वर्ष आधी, १९८३ साली, रॉबर्ट मॅक्रे व पॉल कोस्टा यांनी अशा मापन्यांवरच शंका घेतली होती. पतीने किंवा पत्नीने केलेल्या वर्णनाशी ताडून पाहता, इष्टतेच्या गुणांवरून ‘दुरुस्त’ केलेली उत्तरे अधिक खरी होत नव्हती, उलट अनेकदा कमी खरी होत होती. याचे कारण गंभीर आहे. स्वतःविषयी चांगले सांगणाऱ्यांत काही लबाड असतात आणि काही खरोखरच चांगले असतात, आणि केवळ कागदावरून या दोघांना वेगळे काढण्याचा मार्ग असत्यमापनीकडेही नाही.

ज्याची सदसद्विवेकबुद्धी तीव्र, तो स्वतःला कमी गुण देतो, ही या अडचणीची दुसरी बाजू आहे. मराठी संतांनी अभंगांतून स्वतःला पतित आणि अपराधी म्हणवून घेतले. त्या शब्दांची बेरीज केली तर त्यांचे शील गावातील कोणाही गृहस्थापेक्षा हीन ठरेल. उलट टोकाचे उदाहरण कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली इंग्लंडमधील कैद्यांच्या अभ्यासातून दिले. दयाळूपणा, प्रामाणिकपणा, विश्वासार्हता अशा गुणांत त्या कैद्यांनी स्वतःला केवळ इतर कैद्यांपेक्षाच नव्हे, तर तुरुंगाबाहेरील सामान्य नागरिकापेक्षाही वरचढ ठरवले. कायद्याचे पालन या एकाच बाबतीत त्यांनी स्वतःला नागरिकाच्या बरोबरीचे मानले. हे कैदी खोटे बोलत होते असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्या हेतूंची माहिती प्रत्येकाला असते आणि दुसऱ्याच्या फक्त कृती दिसतात, त्यामुळे स्वतःचा निवाडा हेतूंवरून आणि दुसऱ्याचा कृतींवरून करण्याची ओढ सर्वांनाच असते.

विद्यापीठांत हे वाद चालू असताना कारखाने, दुकाने आणि कचेऱ्या यांनी प्रश्नावली कधीच स्वीकारली होती. विल्यम व्हाइट यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ या पुस्तकाच्या परिशिष्टात व्यक्तिमत्त्व चाचण्यांत गुण कसे मिळवावेत याचे मार्गदर्शनच दिले, कारण माणसाच्या अंतःकरणात डोकावण्याचा कंपनीला हक्क नाही असे त्यांचे ठाम मत होते. १९६५ साली अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या उपसमित्यांनी, सिनेटर सॅम अर्विन आणि प्रतिनिधी कॉर्नेलियस गॅलघर यांच्या अध्यक्षतेखाली, सरकारी नोकरांना धर्म आणि लैंगिक जीवन यांविषयी प्रश्न विचारणाऱ्या चाचण्यांची सुनावणी घेतली. तरीही मागणी थांबली नाही. १९८८ साली कायद्याने खासगी मालकांना नोकरभरतीत असत्यशोधक यंत्र वापरण्यास बहुतांशी मनाई केली, तेव्हा त्याची जागा लेखी सचोटी चाचण्यांनी घेतली. त्यांतील उघड प्रकारच्या चाचण्यांत उमेदवाराला चोरीविषयीची मते आणि पूर्वीच्या चुका सरळ विचारल्या जातात, कारण जो स्वतः चोरी करतो त्याला सगळेच चोरी करतात असे वाटते, हे त्यांचे गृहीत आहे. कॅलिफोर्नियात सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी धर्म आणि लैंगिक जीवन यांविषयीच्या प्रश्नांना सामोरे जावे लागलेल्या एका उमेदवाराने दावा लावला, आणि १९९१ साली तेथील अपील न्यायालयाने हे प्रश्न राज्यघटनेने दिलेल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करतात असा कौल दिला.

या चाचण्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा डेनिज ओनेस, विश्वेश्वरन आणि श्मिट यांनी १९९३ साली मांडला. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून निष्कर्ष काढण्याच्या या पद्धतीत त्यांनी ६६५ सहसंबंध गुणांक आणि पावणेसहा लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद वापरली आणि सचोटी चाचणीतील गुणांवरून कामाचा दर्जा बऱ्यापैकी वर्तवता येतो असे सांगितले. २०१२ साली व्हॅन इडेकिंग आणि सहकाऱ्यांनी अधिक कडक निकष लावून तोच हिशेब पुन्हा केला तेव्हा आकडे लक्षणीयरीत्या खाली आले. त्या हिशेबातील एक तफावत विशेष बोलकी आहे. कर्मचाऱ्याने आपले गैरवर्तन स्वतःच्या तोंडून सांगितले असेल तर चाचणीशी त्याचा सहसंबंध ०.४२ इतका होता, आणि तेच गैरवर्तन वरिष्ठांच्या सांगण्यावरून किंवा दप्तरी नोंदींवरून मोजले तर तो ०.१५ वर घसरत होता. एकाच माणसाची दोन निवेदने एकमेकांशी जुळतात, यात नवल नाही. पण अशा जुळणीला सप्रमाणता, म्हणजे चाचणी जे मोजते असे म्हणते तेच ती मोजते याची खात्री, असे नाव देणे शास्त्रीय प्रामाणिकपणाला धरून नाही.

वगळलेले नैतिक शब्द शास्त्रात परत आले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी. मायकेल ॲश्टन आणि किबोम ली या कॅनडातील संशोधकांनी डच, फ्रेंच, जर्मन, हंगेरियन, इटालियन, कोरियन आणि पोलिश या सात भाषांतील स्वभाववाचक शब्दांच्या अभ्यासांची तुलना केली, आणि २००४ साली असे दाखवले की व्यक्तिमत्त्वाच्या सर्वमान्य पाच घटकांबरोबर सहावा घटक या भाषांमधून सातत्याने वर येतो. प्रामाणिकपणा, निगर्वीपणा, लोभाचा अभाव आणि दुसऱ्याचा गैरफायदा न घेण्याची वृत्ती या घटकात एकत्र येतात. त्याच वर्षी क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी चोवीस सद्गुणांची सूची आणि ती मोजणारी २४० विधानांची प्रश्नावली पुढे आणली, जिच्यामुळे चारित्र्य हा शब्द मानसशास्त्रात पुन्हा प्रतिष्ठित झाला. पण शाळांनी अशा मापनाचा उपयोग आपल्या कामगिरीचे मूल्यमापन करण्यासाठी सुरू केला तेव्हा जुनी अडचण नव्या रूपात उभी राहिली. बॉस्टनमधील शाळांच्या एका अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, कडक शिस्तीच्या शाळांतील मुलांचे परीक्षेतील गुण आणि हजेरी दोन्ही सुधारलेली असूनही त्यांनी स्वतःच्या आत्मसंयमाला आणि चिकाटीला कमी गुण दिले. जिथे मेहनतीची अपेक्षा अधिक, तिथे स्वतःला मेहनती म्हणवण्याची पायरीही उंच होते. अशा परिस्थितीत निरनिराळ्या शाळांतील मुलांची उत्तरे शेजारी ठेवून कोणती शाळा चारित्र्य घडवते हे ठरवणे अन्यायाचे आहे, आणि अँजेला डकवर्थ यांच्यासारख्या या क्षेत्रातील अग्रणी संशोधकांनी स्वतःच तसा इशारा २०१५ साली दिला होता.

प्रश्नावली आणि प्रत्यक्ष कृती यांची गाठ पुन्हा घालून पाहण्याचे काम गेल्या दशकभरात एका साध्या खेळातून झाले. सहभागी व्यक्तीने कोणी पाहत नसताना फासा टाकायचा आणि पडलेला आकडा स्वतः सांगायचा, आणि ठरावीक आकड्याला पैसे मिळायचे, असा तो खेळ आहे. कोणी खोटे बोलले हे कोणालाच कळत नाही, परंतु सहा जणांमागे एकाला येण्याजोगा आकडा तिघांना आला असे सांगितले गेले तर त्या गटात किती खोटे बोलले गेले याचा हिशेब करता येतो. २०१८ साली डॅनियल हेक आणि सहकाऱ्यांनी अशा सोळा अभ्यासांतील ५,००२ व्यक्तींची माहिती एकत्र केली, आणि व्यक्तिमत्त्वाच्या मूलभूत घटकांपैकी प्रामाणिकपणा व निगर्वीपणाचा सहावा घटक फासा टाकतानाच्या सचोटीशी सातत्याने जोडलेला आढळला. स्वनिवेदनात तथ्य असते, याचा हा आजवरचा सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणता येईल. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तो गटाविषयी बोलतो, कोणा एकाविषयी नव्हे, आणि नोकरी देणाऱ्याला निर्णय एकाविषयीच करायचा असतो. शिवाय या सोळा अभ्यासांतील माणसांनी प्रश्नावली भरली तेव्हा त्यांची नोकरी, शाळेतील प्रवेश किंवा बढती यांपैकी काहीही त्या उत्तरांवर अवलंबून नव्हते.